भुंग्याला डावीकडे वळवताना

त्या वर्षी दिवाळीच्या सुट्टीत मी सासरी जाऊन उकिरडा चाळला. राहुरीपासून जवळच आमचं गाव आहे. घरामागे शेणखताचा मोठा खड्डा आहे आणि त्यात गेंडा भुंगे सापडतात. अंगठ्याएवढा जाडजूड, काळाभोर किडा; नराच्या डोक्यावर मागे वळलेलं शिंग. सासरे फावड्यानं खत ओढायचे, मी ते हातमोजे घालून चाळणीत घ्यायचे, आणि भुंगा दिसला की उचलून मिठाईच्या रिकाम्या डब्यात टाकायचे. झाकणाला दाभणानं भोकं पाडून ठेवली होती. आतून सासूबाई दोनदा विचारून गेल्या की करंज्यांचं सारण कोण करणार आहे.

"आमी औशिद टाकून मारायचं," सासरे म्हणाले, "आन् तू त्यास्नी डब्यात घालून नगरला न्यायचं. करती काय यांचं?"

मी त्यांना सगळं सांगितलं. भुंग्याच्या पाठीवर नखाएवढं सर्किट बसवायचं, त्याच्या दोन तारा त्याच्या अंगात घालायच्या, आणि आपल्या हातातलं बटण दाबलं की भुंगा म्हणू तिकडे वळेल. ते फावड्यावर रेलून ऐकत राहिले.

"बैल वळवाया कासरा लागतो. याला काय लावनार?"

"केसासारख्या बारीक तारा, मामा."

"मंग कासराच की," ते म्हणाले आणि पुन्हा खत ओढायला लागले. पुढे दीड वर्षात कॉलेजातल्या किती जणांना मी हे काम समजावून सांगितलं असेल, पण इतक्या लवकर ते कुणालाच कळलं नाही.

मी नगरच्या बाहेर, मनमाड रस्त्यावरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवते. भुंग्यांची कल्पना माझी नव्हती. आमच्याच संस्थेचं सायन्स कॉलेज कुंपणापलीकडे आहे आणि तिथल्या प्राणिशास्त्राच्या मॅडम एके दिवशी दुपारी माझ्या लॅबमध्ये आल्या. तोवर आमची ओळख गॅदरिंगच्या कमिटीत शेजारी बसण्यापुरतीच होती. निवृत्तीला त्यांची दोन वर्षं राहिली होती. त्यांनी मूठ उघडून एक भुंगा माझ्या टेबलावर ठेवला, माझं स्टेपलर त्याच्या पाठीवर आडवं ठेवलं, आणि तो भुंगा ते स्टेपलर घेऊन अडखळत का होईना, चालायला लागला.

मग त्यांनी विहिरीचं सांगितलं. त्यांचं माहेर पारनेर तालुक्यातलं. तिकडे विहिरी खोल. त्यांच्या भावाच्या शेजारच्या मळ्यात विहिरीचं काम चालू असताना एका बाजूची दरड सुटली आणि खाली उतरलेला मजूर गाडला गेला. मॅडम तेव्हा भावाकडेच होत्या. तो माणूस कुठल्या अंगाला आहे हेच लोकांना कळेना. एका बाजूचे दगड काढायला लागले की दुसरीकडचे घसरत. तो सापडला तेव्हा उशीर झाला होता. मॅडम सगळा वेळ काठावर उभ्या होत्या आणि दगडांच्या फटींतून किडे खुशाल आतबाहेर करताना त्यांना दिसत होते.

"त्या फटीतून किडा जातो," त्या म्हणाल्या. "त्याच्या पाठीवर छोटा माईक गेला असता, तर निदान खणायचं कुठून ते तरी कळलं असतं."

मी हो म्हटलं. खरं सांगायचं तर त्या मजुराइतकंच माझं स्वतःचंही कारण होतं. दरवर्षी तेच प्रयोग, तीच जर्नलं, त्याच सह्या, याचा मला वीट आला होता.

पहिला भुंगा त्यांनी हातानं केला. फ्रीजमध्ये काही वेळ ठेवला की भुंगा गारठून निपचित पडतो. त्याच्या मानेवरचं कवच आणि पंखांवरचं कवच जिथे मिळतात तिथे आत मऊ कातडी असते. डोळ्याला घड्याळवाल्याचं भिंग लावून मॅडमनी त्या कातडीत डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन तारा घातल्या. भुंगा शुद्धीवर आला, मी उजव्या तारेत हलका करंट सोडला, आणि उजवीकडून कुणी डिवचल्यासारखा तो डावीकडे वळला. पुन्हा बटण दाबलं, पुन्हा वळला. आम्ही दोघी टेबलाशी लहान मुलींसारख्या हसत होतो. ती एक दुपार इतकी सहज गेली की पुढचंही असंच होईल असं मी धरून चालले.

ढिगाऱ्यात एक भुंगा सोडून भागत नाही, वीस-तीस सोडावे लागतात. आणि मॅडमची अट होती की एका भुंग्याच्या अंगात दोन दिवसांपेक्षा जास्त तारा ठेवायच्या नाहीत. तिसऱ्या दिवशी काढायच्या आणि त्याला परत खतात सोडायचं. म्हणजे सारखे नवे भुंगे तयार करायला हवेत. दिवाळीनंतर त्या म्हणाल्या, आता हे हातानं नको, तू मशीन कर. मी म्हटलं, आधी शे-दीडशे हातानं करून बघू, काय चुकतं ते कळेल. त्या ऐकेनात. मला वाटलं, निवृत्तीपूर्वी नावावर काहीतरी मोठं हवं म्हणून बाई घाई करताहेत.

एमआयडीसीत मोबाईलचे चार्जर जोडणाऱ्या एका कारखान्यानं आपली लाईन बंद केली होती. तिथला जुना, छोटा रोबोटिक आर्म आमच्या संस्थेला मिळाला. टेबलावर बसवायचा, कोपरापासून माणसाच्या हाताएवढा. त्यानं जन्मभर स्क्रू बसवले होते. स्क्रू सगळे एका मापाचे असतात, एकाच जागी ठेवलेले असतात आणि मध्येच जागे होत नाहीत.

त्या आर्मनं मला किती छळलं ते आठवलं की अजून कपाळ दुखतं. भुंग्याची पाठ पॉलिश केल्यासारखी चकाकते. तिच्यावर ट्यूबलाइटचं प्रतिबिंब पडे आणि कॅमेरा त्या पांढऱ्या रेघेलाच कवचाची फट समजे; आर्म मोठ्या आत्मविश्वासानं कडक कवचावर सुई आपटून ती वाकवून टाकी. त्यात माझे तीन आठवडे गेले. शेवटी बटर पेपरचा तंबू करून दिव्यावर टाकला तेव्हा ते थांबलं. मग शिंग आडवं यायला लागलं. मी थ्रीडी प्रिंटरवर भुंगा धरायचा साचा केला होता. मोठा नर त्यात बसेना आणि मादी त्यात सैल पडून फिरे. तीन मापांचे साचे केले, तर चौथ्या मापाचे भुंगे निघाले. प्रत्येकाच्या पोटाखाली बारीक तांबूस गोचिडासारखे किडे असतात. ते साच्यात उतरून सेन्सरवर फिरत. दात घासायचा ब्रश घेऊन भुंगे साफ करणं हे माझं सकाळचं काम झालं. ते होईपर्यंत पहिला भुंगा जागा होई.

त्यात वीज. व्होल्टेज जरा खाली आलं की आर्म सगळं विसरून आपल्या मूळ जागी परत जाई, आणि सुई आत असली तर भुंग्यालाही फरफटत नेई. असे दोन मेले. मॅडम दोन्ही भुंगे कागदात गुंडाळून घेऊन गेल्या.

याच सुमारास आमच्या प्राचार्यांनी मला बोलावून सांगितलं की संस्थेच्या वर्धापनदिनाला प्रमुख पाहुण्यांना हार रोबोटनं घालावा. मी भुंग्यांचं सांगून पाहिलं. ते म्हणाले, "भुंगे कुठं पळून चाललेत का?" आठ दिवस मी आर्मला हार घालायला शिकवलं. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं एका फटक्यात, अगदी झोकात हार घातला. टाळ्या झाल्या. आजही कॉलेजात कुणी भेटलं की त्या हाराचीच आठवण काढतं.

गावी सासऱ्यांची वेगळीच तक्रार. दर पंधरा दिवसांनी मी वापरलेले भुंगे परत आणून त्यांच्या खड्ड्यात सोडत होते. "मारायचं सोडून परत माझ्याच दारात?" ते म्हणायचे. उसाची मुळं खाते ती हुमणी वेगळी, हे मी मॅडमकडून शिकून त्यांना सांगितलं. त्यांनी घराशेजारच्या दोन नारळांकडे बोट केलं. दोन्ही झाडांचे शेंडे भुंग्यांनी खाल्लेले होते.

पण सगळ्यात जास्त वैताग मला मॅडमचाच यायचा. आर्मनं केलेला प्रत्येक भुंगा त्या भिंगाखाली घेऊन बघत आणि एकाच शब्दात निकाल देत. "खोल." किंवा "वरवर." खोल गेलं की भुंगा आजारी पडे, वरवर राहिलं की चालताना तार निसटे. मी मापं घेतली, सरासरी काढली, खोली ठरवली. तरी तेच. एकदा मी विचारलं, तुम्ही किती खोल घालायच्या ते आकड्यात सांगा.

"आकडा नाही गं. कातडी सांगते," त्या म्हणाल्या.

असल्या उत्तराचं मी काय करणार होते? आर्मला कातडीचं बोलणं ऐकू येत नाही. मी त्यांना म्हटलं, मग तुम्ही दहा करून दाखवा, मी कॅमेरा लावून मोजते. त्यांनी पेपर तपासायचे आहेत म्हणून टाळलं. पुढच्या आठवड्यात भाचीचं लग्न निघालं. मग कंबर. मी त्यांच्याकडे जाणं कमी केलं. भुंगे शिपायाच्या हाती पाठवायचे आणि निकाल चिठ्ठीवर यायचा.

मार्चमध्ये, आम्ही या कामासाठी मागितलेलं अनुदान द्यायचं की नाही ते ठरवणारी समिती येणार असं पत्र आलं, आणि त्यांच्या भेटीच्या आठ दिवस आधी वीज अशी काही उडाली की आर्मच्या मनगटाचं सर्किट जळालं. नवं पुण्याहून यायला चार-पाच दिवस लागणार होते. मी तशीच कुंपण ओलांडून मॅडमकडे गेले. त्या प्रयोगशाळेत एकट्याच बसल्या होत्या. मी म्हटलं, आर्मचं काही खरं नाही, समितीसाठी दहा भुंगे तुम्ही हातानं करा.

त्या नाही म्हणाल्या. मी कारण विचारलं. त्या पुन्हा नुसतंच नाही म्हणाल्या.

मग माझा तोल गेला. मी म्हटलं, नुसतं भिंगातून बघून चुका काढणं सोपं असतं. कल्पना तुमची आणि राबायचं मी. तुम्हाला हे जमत असूनही करायचं नाही, कारण तुम्हाला फक्त मशीनबरोबर फोटो हवा आहे. आणखीही बोलले, सगळं लिहावंसं वाटत नाही.

मॅडम उठल्या, दार लोटून आल्या, टेबलावर एक कोरा कागद ठेवला. चिमटा हातात घेतला आणि कागदाच्या वर बोटभर अंतरावर धरला.

"बघ," त्या म्हणाल्या.

चिमट्याचं टोक एका जागी राहत नव्हतं. त्यांनी दुसऱ्या हातानं मनगट धरलं, तरी ते कागदावर टकटक करत राहिलं.

"दिवाळीच्या आधीपासून आहे. डॉक्टर म्हणतात, वाढत जाणार. म्हणून मशीन कर म्हटलं तुला."

मला वाईट वाटलं हे खरं, पण त्याच्या आधी राग आला हेही खरं. चार महिने मी अंधारात चाचपडत होते आणि ज्यांना वाट माहीत होती त्या गप्प होत्या. मी तसं म्हटलंही. तुम्ही आधी सांगितलं असतं तर मी तुमच्याकडून शिकून घेतलं असतं.

"सांगितलं असतं तर तू मला खुर्ची पुढे करत बसली असतीस," त्या म्हणाल्या. मग फ्रीजकडे हात करून, "चुकलंच माझं. फ्रीजमध्ये पाच आहेत. घे एक."

ती दुपार आणि पुढचे तीन दिवस मी भिंग लावून बसले. माझ्या हातात चिमटा, आणि माझ्या मनगटावर त्यांची बोटं. त्या थरथरत्या बोटांमुळे उलट माझाच हात हलायचा. मी तसं म्हटल्यावर त्यांनी बोटं काढून घेतली आणि फक्त बोलायला लागल्या. "टेकव. अजून दाब. कातडी विरोध करते आहे बघ. आता... थांब, थांब." मी थांबेपर्यंत तार पार गेलेली असे. माझे हात दुखायला लागले, मान आखडली, आणि आपण एम.टेक. कशासाठी केलं असा विचार सारखा मनात यायचा. त्यांचे पाच आणि माझ्या लॅबमधले सहा असे अकरा भुंगे बिघडवल्यावर बाराव्याला मला ते कळलं. गार दुधाच्या जाड सायीवर सुई टेकवली की साय आधी दबते आणि मग एकदम सोडून देते, तसं. त्या सोडून देण्याच्या क्षणी थांबायचं. प्रत्येक भुंग्यात तो क्षण वेगळ्या खोलीवर येतो, म्हणून माझा एकही आकडा बरोबर येत नव्हता.

पुण्याहून सर्किट आलं तेव्हा मी सुईच्या मागे दाब मोजणारा एक पातळ सेन्सर बसवला आणि आर्मला शिकवलं की खोली मोजू नकोस, दाब एकदम कमी झाला की थांब. सहा भुंगे केले. प्रत्येकाला मिनिटाच्या थोडं वर लागलं. मॅडम एकेक भिंगाखाली घेऊन बघत होत्या. पहिल्यावर नुसतं "हं" म्हणाल्या आणि दुसरा मागितला. सहाव्यानंतर त्यांनी भिंग काढून ठेवलं आणि चहा पाजतेस का विचारलं. त्या दीड वर्षात निखळ बरं वाटलं असं फार वेळा झालं नाही. तेव्हा मात्र वाटलं.

समिती आली ती भर उन्हात, बाराच्या पुढे. मैदानावर आम्ही विटा, दगड आणि मुरूम टाकून पडक्या विहिरीसारखा ढीग केला होता. लॅबमध्ये आर्मनं त्यांच्यासमोर आठ भुंगे ओळीनं केले, एकही चुकला नाही. सगळ्यांनी मोबाईलवर चित्रण केलं. मग आम्ही मैदानावर आलो. भुंगे सोडले. पहिले दोघे माझ्या बटणावर डावीकडे वळले, उजवीकडे वळले. समितीतल्या एका बाईंनी मान डोलावली. आणि मग तिसऱ्यानं डोकं खाली घातलं आणि मुरूम उकरायला सुरुवात केली. त्याच्या मागोमाग चौथ्यानं. ऊन लागलं की गेंडा भुंगा मातीत शिरतो, हे जगातल्या कुठल्याही उकिरड्याशेजारी राहणाऱ्याला माहीत असतं. मॅडमनाही माहीत होतं. भेट सकाळी आठला ठेवा असं त्यांनी प्राचार्यांना लेखी दिलं होतं, पण पाहुण्यांचा नाश्ता आणि सत्कार लांबला. मी डावं बटण दाबलं, उजवं दाबलं. जमीन जरा हलल्यासारखी दिसली, इतकंच. पाच मिनिटांत आठही भुंगे सर्किटसकट दिसेनासे झाले. मी साडीचा पदर खोचून समितीसमोर गुडघ्यांवर बसले आणि हातानं मुरूम उकरायला लागले. सात सापडले.

समितीतले एक गृहस्थ फार सौजन्यानं मला म्हणाले, "मॅडम, तुमचा हा लॅबमधला यांत्रिक हात नाजूक काम छान करतो. दुसऱ्या कशाला वापरता येईल का?"

जूनमध्ये मंजुरीचं पत्र आलं. आर्मला अनुदान मिळालं होतं, पण टोमॅटोच्या रोपांची कलमं बांधण्यासाठी. खाली एका ओळीत लिहिलं होतं की कीटकांचा भाग वगळण्यात यावा. प्राचार्यांनी पेढे वाटले. मी पत्र घेऊन कुंपणापलीकडे गेले. मॅडमनी ते दोनदा वाचलं आणि म्हणाल्या, कलम बांधताना पण दाब कमी-जास्त होऊन चालत नाही, तुझं काम वाया जाणार नाही. मला ते ऐकायचं नव्हतं. मी म्हटलं, विहिरीचं काय? त्यांनी पत्राची घडी घालून ते माझ्या हातात दिलं.

आता आर्म दिवसभर रोपं जोडतो. संगमनेरकडचे नर्सरीवाले येऊन बघून जातात, खूश होतात. मी त्यांना सगळं नीट समजावून सांगते आणि ते गेले की माझी चिडचिड होते. मॅडम या वर्षी निवृत्त झाल्या. सावेडीला त्यांच्या घराच्या गच्चीवर पत्र्याची खोली आहे, तिथे खताचे दोन टब ठेवले आहेत. शनिवारी सकाळी मी आर्मवर चार-पाच भुंगे उरकून घेते, कुणाला न विचारता, आणि डबा घेऊन त्यांच्याकडे जाते.

आता वेगळंच संकट आहे. पंधरा-वीस वेळा बटण दाबलं की भुंगा वळायचा बंद होतो. बसून राहतो. करंट वाढवला तरी पाय आवळून घेतो, पण वळत नाही. आधी मला वाटलं बॅटरी, मग तारा, मग सर्किट. सगळं बदलून झालं. मॅडम म्हणतात, डिवचल्यासारखं वाटतं पण पुढे काहीच होत नाही, हे त्याला कळत असणार. मी म्हटलं, मग पंधरा बटणांत माणूस कसा शोधायचा ढिगाऱ्यात? त्या म्हणाल्या, ते शोधणं आपलं काम आहे, त्याचं नाही.

मागच्या शनिवारी मी त्यांना स्पष्ट सांगितलं की मला कंटाळा आलाय, हे बंद करू. पाचातला एकच नीट वळला होता. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं, मग वही पुढे ओढून मला लिहायला सांगितलं, कारण त्यांना आता लिहिता येत नाही. सलग करंट देण्याऐवजी तुटक द्यायचा, मध्ये मध्ये थांबायचं, असं त्यांनी सुचवलं. मी लिहून घेतलं. या शनिवारी तसं करून बघणार आहे. त्यानं काही होईल असं मला वाटत नाही. भुंगे मात्र आणून ठेवले आहेत.